फणस गेला, कलम मात्र कापू नका

ती. बाबा व ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा "फणस गेला गो" एवढंच बोलले आणि फोन आईकडे दिला. म्हणून लिहितेय. कागदाला मध्येच "बरं बरं, ठेवतो" म्हणता येत नाही.

शेजारच्या दादाने फोटो पाठवलेत. फणसाचं झाड मुळासकट उलथून गोठ्याच्या कोपऱ्यावर पडलंय, शेंडा गडग्यापलीकडे आणि सर्व्हिस वायर फांद्यांच्या खाली. घरात लाईट नाही म्हणजे वायरीत करंट नाही असं धरून चालू नका, सप्लाय कधी सोडतील याचा नेम नसतो. 1912 वर तक्रार मी नोंदवलीय. लाईनमन येऊन 'आता कापा' म्हणेपर्यंत झाडाला कोयतीसुद्धा लावायची नाही. गुरं मागल्या पडवीतच असू देत.

तलाठ्यालाही आधी बोलवा. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात पोफळी आडव्या झाल्या तेव्हा बाबांनी पंचनाम्याआधीच वाडी लख्ख केली होती, मग दाखवायला बुंधे शोधत फिरलो होतो! यंदा गोठा आणि झाडं, दोन्ही लिहून घ्या.

कापायला कटरवालाच हवा. बाबा, तुमचा हात अजून चांगला चालतो हे मान्य, पण पडलेलं झाड उभ्यापेक्षा लबाड असतं. दबलेली फांदी कापली की उसळून अंगावर येते. त्याहून वाईट म्हणजे मुळांचा तो मातीसकट उभा राहिलेला गड्डा. बुंधा तोडला की वरचा भार जातो आणि गड्डा धाडकन परत खड्ड्यात बसतो. वाडीतली पोरं त्या खड्ड्यात उतरून गंमत बघत असतील, त्यांना आधी हाकला. कापाकापी शेंड्याकडून सुरू करायची, बुंधा सगळ्यात शेवटी.

"जळाऊ म्हणून नेतो" म्हणणारा कोणीतरी येईलच. त्याला बुंधा देऊ नका. आतलं पिवळंधमक लाकूड दारं, पाट, देव्हारा कशालाही चालतं. लांब ओंडके ठेवायला सांगा, दोन्ही तोंडांना ऑइलपेंट फासा म्हणजे तडकणार नाहीत आणि खाली दगड घालून जमिनीपासून उचलून ठेवा. फणस 1964 च्या वृक्षतोड कायद्यातल्या अनुसूचीत आहे, म्हणून गिरणीवर नेण्याआधी वनखात्यात विचारून घ्यायचं. पलीकडे पडलेल्या शेंड्यावरून काकांशी वाद नको. त्यांना जळण हवं असेल तर नेऊ देत.

आता खरं सांगायचं ते. फणसाच्या धक्क्याने कललेलं हापूसचं कलम "त्यातच कापून टाकू" असं बाबा म्हणाले म्हणे. अजिबात नाही! फोटोत एका बाजूची मुळं मातीत घट्ट दिसताहेत. असं तरणं कलम वाचतं. उघड्या मुळांवर आजच ओली गोणपाटं टाका, ती सुकली की संपलं. फांद्या थोड्या हलक्या करून चेनपुलीने हळूहळू सरळ करू. साखळीखाली गोणपाट घालायचं, नाहीतर साल सोलवटते. मग माती भरून, दाबून, बांबूचे टेकू. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट. पोफळींना कोळेरोगासाठी तुम्ही 1 टक्क्याचं मारता तेच, फक्त घट्ट: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. प्लॅस्टिकच्या बादलीत. तरीही शंका असेल तर कृषी विद्यापीठ दापोलीतच आहे, फोटो घेऊन जाऊ. दोन-तीन वर्षं आंबा धरणार नाही कदाचित. न धरू दे.

आई, खाली पडलेले फणस फुकट घालवू नकोस. जून असतील त्यांचे गरे तळून ठेव, आठळ्या मला. चिकाला हातभर तेल लाव आणि फोडायला बाबांना बसव, तेवढा वेळ तरी ते कोयती घेऊन झाडाकडे जाणार नाहीत.

मी शनिवारी पोचते. मोरचूद दापोलीतून घेऊन येईन. कळीचा चुना घरात आहे का ते बघून सांगा.

तुमची,
सुमी