शेक म्हटलं आणि सहा दिवस बुडाले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुठे कॅन्सरवरचं नवं रेडिएशन यंत्र बसलं की आपल्या पानावर बातमी येते. फीत, नारळ, यंत्राची किंमत आणि शेजारी उभे राहिलेले दहा-बारा पुढारी. बातमी चांगलीच असते, तक्रार नाही. पण त्या यंत्राखाली रोज जाऊन झोपणारा माणूस रात्री कुठे झोपतो, हे त्या बातमीत कधी नसतं. त्याबद्दल लिहायचं आहे. मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो. डॉक्टरकी मला येत नाही, पण माझ्या थोरल्या भावाबरोबर 35 वेळा त्या यंत्राच्या दारात बसलो आहे.

दादाला जिभेच्या मुळाशी कॅन्सर निघाला. बिडी आणि तंबाखू-चुना, दोन्ही चाळीस वर्षं. मानेत लिंबाएवढी गाठ आली तेव्हा दवाखाना आठवला. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, ऑपरेशन नको, रेडिएशन आणि सोबत आठवड्यातून एकदा किमो. रेडिएशन 35 वेळा. सोमवार ते शुक्रवार, सात आठवडे. घरी येऊन मी वहिनींना सांगितलं, "दादाला शेक द्यायचाय." आमच्याकडे सगळे असंच म्हणतात. कुणी लाईट म्हणतं, कुणी करंट, पण जास्त करून शेक.

चूक तिथेच झाली, आणि ती मी केली. शेक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? विटेचा शेक, मिठाच्या पुरचुंडीचा शेक, बाळंतिणीची शेगडी. गुडघा दुखतो तोवर शेकायचा, थांबला की पुरचुंडी खुंटीला. चटका बसला तर तेव्हाच बंद. शेकाला कुणी मोजून 35 चा हिशेब लावत नाही.

आधी थोडं त्या खोलीबद्दल सांगतो, कारण भीती तिथूनच सुरू होते. पहिल्या दिवशी रेडिएशन नव्हतंच. प्लास्टिकची एक जाळीदार पाटी कोमट पाण्यात मऊ केली आणि दादाच्या चेहऱ्यावरून खांद्यापर्यंत दाबून बसवली. थंड झाल्यावर ती कडक होऊन दादाच्याच तोंडाचा साचा झाला. रोज तो घालून टेबलाला खिळवायचं, म्हणजे मान हलत नाही. मग सीटी स्कॅन, त्यावर डॉक्टरांनी गाठीच्या कडा आखायच्या, फिजिसिस्टनी मात्रेचं गणित करायचं. यातच दहा-बारा दिवस गेले. त्यात दादाचे चार किडके दात काढले. वहिनींना वाटलं, घशाच्या आजारात दाताचं बिल लावतात. तसं नाही. रेडिएशननंतर जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, मग दात काढला तर जखम भरत नाही, हाड सडू शकतं. म्हणून खराब दात आधीच काढतात. हे आम्हाला कळलं तेव्हा चारही दात जाऊन बसले होते. आधी सांगितलं असतं तर वहिनींचे दोन दिवसांचे अश्रू वाचले असते.

यंत्राखाली दुखत नाही. चटका नाही, झटका नाही, घरघर ऐकू येते तेवढीच. आत-बाहेर धरून पंधरा मिनिटं. लिनॅक नावाचं ते यंत्र विजेवर किरण तयार करतं. बटण बंद केलं की किरण बंद, आपल्या टॉर्चसारखं. माणसाच्या अंगात काही उरत नाही. तरीही आम्ही राहायला भाड्याने पाहिलेल्या पहिल्या खोलीच्या मालकीणबाईंनी "आमच्यात लहान मूल आहे" म्हणून दार लावून घेतलं. थायरॉइडच्या कॅन्सरला किरणोत्सारी आयोडीन पाजतात, तेव्हा काही दिवस वेगळं राहावं लागतं, हे खरं. बाहेरून दिलेल्या रेडिएशनमध्ये तसलं काहीच नाही. दादा रोज नातवाला मांडीवर घेऊ शकला असता. पण सूनबाईंनी फोनवरच दाखवला. तिला दोष देत नाही, तिला सांगणारं कोण होतं?

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी रेडिएशन सुरू झालं. पहिले दोन आठवडे दादा म्हणायचा, "ह्याला कशाला भ्यायचं?" तिसऱ्या आठवड्यात तोंड आलं. साधं तोंड येणं नव्हे. आतली सगळी कातडी लाल, वर पांढरी साय, लाळ चिकट, चव गेलेली. मानेची कातडी काळी पडली. भाकरी गेली, मग भात गेला, राहिलं ताक आणि पातळ खिमटी. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या दिवसातून आठ वेळा. पण दुसरीकडे मानेतली गाठ हाताला लागेना. अशा वेळी वसुबारस आली. 18 झाले होते, 17 बाकी.

दादा गावी गेला तो परत यायलाच तयार होईना. "गाठ बसलीय. तोंडाचं तर कातडं निघालंय. आता आनखी शेकून काय हुरडा करायचाय का माझा?" मला सांगा, शेकाच्या हिशेबाने त्याचं काय चुकलं? बरं वाटतंय, म्हणून बंद. चटका बसला, म्हणूनही बंद. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जात होत्या. शिवाय कापूस वेचणीला आलेला, आणि खोलीचं भाडं रोजचं तीनशे. मीही फार जोर केला नाही, हे कबूल करतो. सणाच्या दिवसांत भावाला ओढून न्यायचं जिवावर आलं. घरात फराळाचे डबे भरलेले आणि दादा ओट्यावर बसून दूध फुंकून पितोय, असं ते चित्र होतं.

सहा दिवस बुडाले. त्यांतले दोन यंत्राच्या सुट्टीचे, त्यांची भरपाई शनिवारी करायची म्हणून मॅडमनी आधीच लिहून ठेवलं होतं. चार आमचे.

परत गेलो तेव्हा मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी दादालाच समोर बसवलं. "काका, गाठ हाताला लागत नाही म्हणजे संपली असं नाही. नखाएवढ्या गाठीतसुद्धा कोट्यवधी पेशी असतात." मग सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. रेडिएशन पेशीच्या आतला डीएनए तोडतं. चांगल्या पेशी ती मोडतोड रातोरात बऱ्यापैकी दुरुस्त करतात, कॅन्सरच्या पेशींना ते नीट जमत नाही. म्हणून एकदम मोठा मारा न करता रोज थोडा द्यायचा: दोन ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या मात्रेचं माप), असे 35 वेळा, एकूण 70. पण कॅन्सरही गप्प बसत नाही. साधारण चौथ्या आठवड्यापासून उरलेल्या पेशी आधीपेक्षा भराभर वाढायला लागतात. नेमकी त्याच वेळी सुट्टी घेतली तर आधीचं काम वाया जायला लागतं. घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार लांबलेल्या एकेका दिवसामागे गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता टक्का-दीड टक्क्याने उतरते, असा त्यांचा हिशेब.

दादा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हंजे हराळी." मॅडमना कळलं नाही. मी सांगितलं, शेतातलं हराळीचं गवत अर्धं खुरपून सोडलं की जमिनीत उरलेल्या काशीतून, म्हणजे मुळीतून, ते दुप्पट जोराने येतं. मॅडम म्हणाल्या, हे मी आता सगळ्यांना सांगणार.

बुडालेले दिवस भरून काढायला काही दिवस दोनदा रेडिएशन दिलं. सकाळी आठला एक, दुपारी तीनला एक, कारण मध्ये निदान सहा तास जावे लागतात. हे ज्याची खोली जवळ आहे त्यालाच जमतं. गावाहून रोज ये-जा करणाऱ्याला काय जमणार? आमचा पहिला विचार ये-जा करण्याचाच होता, मी एसटीचा माणूस ना! एसटीत कर्करुग्णांना भाड्यात सवलत आहे. रेल्वेत तर स्लीपरला रुग्णाचं तिकीट माफ आणि सोबत्याला 75 टक्के सूट. पण सवलतीने वेळ जुळत नाही. यंत्रं कमी, रुग्ण जास्त, म्हणून यंत्र सकाळी सातपासून रात्रीपर्यंत चालतं. आम्हाला वेळ मिळाली रात्री साडेआठची. आमच्या गावची मुक्कामी गाडी सव्वासातला सुटते. ती गाडी मी अकरा वर्षं नेली आहे, मला ती थांबवता येत नव्हती.

रेडिएशनसाठी वॉर्डात खाट मिळत नाही, कारण काम पंधरा मिनिटांचं. उपचाराचा खर्च महात्मा फुले योजनेत बसला, एक रुपया लागला नाही, त्याबद्दल सरकारचे आभार. खोली, जेवण आणि सोबत्याची बुडालेली मजुरी आमच्या खिशातून गेली. मला पेन्शनचा थोडा आधार आहे. आमच्या शेजारच्या खोलीत पाटोद्याकडचं ऊसतोडीचं जोडपं होतं, बाईंना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर. त्यांना 25 वेळा बाहेरून आणि मग आतून काही वेळा रेडिएशन, सगळं आठ आठवड्यांच्या आत पुरं व्हायला हवं. मुकादम उचलीचे पैसे मागत दारात आला. त्या 16 वेळा घेऊन कोर्स अर्धा सोडून गावी गेल्या. पुढे काय झालं, मला कळलं नाही.

परळचं टाटा हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 ला सुरू झालं. तेव्हापासून आजतागायत लांबचे लोक तिथे जातात आणि ज्यांना जागा मिळत नाही ते बाहेरच्या फुटपाथवर दिसतात. दादरला गाडगे महाराज धर्मशाळा नसती तर त्या फुटपाथवर पाय ठेवायला जागा उरली नसती. माझं म्हणणं एवढंच, की ती धर्मशाळा दयाधर्माच्या खात्यात टाकू नका. ती उपचाराचाच भाग आहे. लिनॅकला जशी जाड भिंतींची खोली लागते, तशीच जवळपास वीस-तीस खाटांची जागा लागते. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवानगीशिवाय यंत्र चालू होत नाही, हे बरंच आहे. खाटांशिवाय उद्घाटन करू नये असाही एखादा नियम हवा. आमच्या आगारात मुक्कामी गाडीच्या चालक-वाहकांसाठी विश्रांतिगृह असतं. ते कसं असतं ते विचारू नका, पण असतं.

दुसरी गोष्ट, दिवस कमी करता येतात तिथे ते करावेत. स्तनाच्या कॅन्सरला पूर्वी 25 वेळा देत, आता बहुतेकींना 15 पुरतात. इंग्लंडमधल्या अभ्यासानंतर काही जणींना पाचातही होतं. कॅन्सर हाडात पसरून दुखत असेल तर कधी एकाच वेळचं रेडिएशन पुरतं. हे सगळ्यांना लागू नाही, दादाला 35 च लागले. पण "डॉक्टर, कमी दिवसांत होईल का?" हे विचारायचा रुग्णाला हक्क आहे, आणि विचारता येतं हेच बहुतेकांना माहीत नसतं.

शब्दाचं म्हणाल तर शेक हा शब्द मी आता वापरत नाही. कोर्स म्हणतो. टीबीच्या गोळ्यांमुळे हा शब्द वाडी-वस्तीवर पोहोचला आहे. बरं वाटलं तरी कोर्स अर्धा सोडायचा नाही, हे अडाणी म्हातारीलाही ठाऊक असतं. बातमीत 'किरणोपचार' छापा, हरकत नाही, पण पुढे 'इतक्या दिवसांचा कोर्स' एवढं जोडा.

दादाचं रेडिएशन संपल्यावर 12 आठवड्यांनी पेट स्कॅन, म्हणजे कॅन्सर कुठे उरलाय का ते दाखवणारी तपासणी, झाला. त्यात काही दिसलं नाही. तोंड अजून कोरडं असतं, पाण्याची बाटली घेतल्याशिवाय तो बांधावरही जात नाही, भाकरी कालवणात कुस्करून खातो. मध्यंतरी जबडा आखडला होता, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून तोंड उघडायचा व्यायाम अजून चालू आहे. सध्या 14 काड्या जातात. त्या सहा दिवसांचं काय, असं मी मॅडमना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, दर दोन महिन्यांनी दाखवायला येत राहा.

एक विनंती. आपल्या आतल्या पानावर रेल्वेचं वेळापत्रक आणि पंचांग यांच्या शेजारी चार ओळींची जागा असते. तिथे आठवड्यातून एकदा, आपल्या भागातल्या रेडिएशनच्या दवाखान्यांजवळ रुग्णाला आणि सोबत्याला स्वस्तात राहता येईल अशा जागांचे पत्ते छापाल का? यादी गोळा करायला माणूस हवा असेल तर मी मोकळाच आहे.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, जि. बीड
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)