निघण्याआधी एवढं वाच

प्रिय समीर,

तुझं पत्र मिळालं. दोन-तीन दिवस सलग बर्फ पडला, आता आभाळ निवळलंय आणि तुम्ही चौघं शनिवारी डोंगरात स्कीइंगला निघणार, हे वाचून हेवा वाटला आणि पोटात गोळाही आला. ही अशी लख्ख सकाळच मला नको वाटते. वादळात कुणी बाहेर पडत नाही, पण ऊन पडलं की कुणाचा पाय घरात ठरत नाही. बर्फ मात्र तोवर बसलेला नसतो.

हिमस्खलनाच्या इशारापत्रकात धोक्याची पातळी ३ आहे, म्हणजे पाचातली मधली, तेव्हा चालून जाईल, असं तू लिहिलंस. अरे, ते परीक्षेतले मार्क आहेत का? ही पट्टी सरळ चढत नाही, दर पायरीला धोका कितीतरी पटींनी वाढतो. ४ आणि ५ ला बहुतेक लोक मुकाट्याने घरी बसतात, म्हणून सर्वाधिक बळी जातात ते ३ च्या दिवशी. ३ म्हणजे एकट्या स्कीअरच्या वजनानेसुद्धा उतार सुटू शकतो, म्हणजे त्यावरचा बर्फ घसरून खाली येऊ शकतो. जीव घेणाऱ्या दहापैकी नऊ हिमस्खलनं सापडलेल्या माणसाने किंवा त्याच्या सोबत्यानेच सुरू केलेली असतात.

तेव्हा आकडा बघून थांबू नकोस, पत्रकातला खालचा मजकूर वाच. कुठल्या दिशेचे उतार, किती उंचीवर, आणि अडचण नेमकी कसली: नवा बर्फ, वाऱ्याने साचलेला, ओला, की जुना कमकुवत थर. वाऱ्याचा बर्फ निदान दिसतो तरी. कड्यावर छज्जे लोंबतात, आडोशाच्या बाजूला फुगीर, गुळगुळीत गाद्या तयार होतात. तिकडे फिरकायचं नाही, विषय संपला.

जुना थर मात्र फसवा. सुरुवातीचा पातळ बर्फ थंड, निरभ्र रात्री उघडा पडून राहिला की त्याचे कण एकमेकांना सोडतात आणि साखरेसारखे सुटे दाणे होतात. त्यावर नवा बर्फ पडून घट्ट पाटा बनतो. खड्डा खणून भिंतीवर हातमोजा फिरवलास तर तेवढ्याच पट्ट्यातून दाणे झरझर ओघळतील. मुठीत दाबलेस तरी गोळा होणार नाही. हा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. त्यामुळे आधीच्या स्कीच्या रेघा पाहून निर्धास्त होऊ नकोस. दहा जण सुखरूप उतरतात आणि अकराव्याची स्की नेमकी पाटा पातळ असलेल्या जागी पडते.

खड्ड्यातली चाचणी करशीलच. उताराला आडवा ९० सेंटिमीटर रुंद आणि चढाच्या दिशेने ३० सेंटिमीटर आत जाणारा बर्फाचा खांब कापायचा, एका टोकाला फावडं ठेवून मनगटातून, कोपरातून आणि मग खांद्यातून दहा-दहा थापा मारायच्या. तडा आरपार पळाला तर त्या उतारावर जायचं नाही. नाही पळाला तर तो फक्त त्या खड्ड्यापुरता निकाल. शेजारच्या घळीला तो लागू होत नाही.

म्हणून मी सगळा भरवसा कोनावर ठेवतो. थर डोळ्यांना दिसत नाही, पण उतार मोजता येतो. पाटे सुटतात ते बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या मधे. तुम्ही ३० च्या खालीच राहा, मात्र डोक्यावर काय आहे तेही बघा, कारण सपाटीवरून चालतानाही खालचा थर खचून वरचा उतार सुटू शकतो. पायाखाली 'धप्प' आवाज झाला किंवा स्कीच्या टोकापासून भेग पळाली, तर तिथूनच मागे फिरा.

आता तुमच्या चौकडीबद्दल. २०१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात टनेल क्रीकला मोठा गट उतरला होता. एकाहून एक मुरलेले स्कीअर, तरी तिघे गेले. मनात शंका होती पण बोललो नाही, असं वाचलेल्यांनी नंतर सांगितलं. तुमच्यात एक जण उस्ताद आहे म्हणतोस, मग तर जास्तच जपा. चौघांपैकी एकाने 'नको' म्हटलं की नको, कारण विचारायचं नाही, हे गाडीतच ठरवा. धोक्याचा पट्टा ओलांडताना एकेकट्याने जा, बाकीच्यांनी नजर ठेवायची.

कुणी गाडला गेलाच, तर पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जगतात. अर्ध्या तासाने जेमतेम एक तृतीयांश उरतात. बचाव पथक तोवर येत नसतं, जे करायचं ते तुम्हीच. वेळ खातं ते खणणं. प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून शोधायची लांब काठी, माणसाला लागला की तो तसाच रोवून ठेवा आणि खोलीच्या दीडपट अंतर खाली सरकून उताराच्या बाजूने आत शिरा. वरून विहीर खणत बसू नका.

मार्ग ठरला की नकाशावर रेघ मारून पाठव, मीही कोन मोजून बघतो. गाडलेल्याचा ठाव लावणाऱ्या ट्रान्सिव्हरपासून फोन लांब ठेव. आणि ट्रान्सिव्हरमध्ये नव्या अल्कलाइन बॅटऱ्या घाल, चार्ज करायच्या नकोत.

तुझा,
निखिल