शेवटच्या पिढीला पाणी कोण सोडणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूल जन्माला घालणंच अनैतिक, माणूसजात हळूहळू संपू द्यावी, असा सूर असलेला लेख आपल्या पुरवणीत वाचला. हा विचार हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 2019 मध्ये मुंबईच्याच एका तरुणाने, आपल्याला न विचारता जन्म दिला म्हणून आईवडिलांवर दावा लावण्याचा इरादा जाहीर केला होता. (आईवडील दोघेही वकील!)

दक्षिण आफ्रिकेचे तत्त्वज्ञ डेव्हिड बेनटार म्हणतात, जो जन्मलाच नाही त्याचं दुःख टळलं, हे चांगलंच. त्याचं सुख हुकलं म्हणावं, तर हळहळायला कोणी नाही. तर्क बिनतोड वाटतो. शेवटच्या पिढीचे हाल होतील हेही ते मान्य करतात. मला मात्र ते हाल फार स्वस्तात मोजलेले वाटतात.

मी जलखात्यात नोकरी केली. मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं, त्यातले काही शंभर किलोमीटरवर. भांडुपला ते शुद्ध होतं आणि पुढे गल्लीगल्लीत चावीवाला अवेळी जाऊन व्हॉल्व्ह फिरवतो, तेव्हा नळ येतो. नवी माणसं यायची थांबली की ऐंशीच्या म्हाताऱ्याने ऐंशीच्याच म्हाताऱ्यासाठी चावी फिरवायची. तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासूनचं. ते बंद केलं तरी वापरलेल्या इंधनावर पिढ्यान् पिढ्या लक्ष ठेवावं लागणार. ते कोणी ठेवायचं?

आक्रसत जाणं म्हणजे काय, हे या शहराला पारशी समाजाकडे पाहून कळावं. 1941 साली देशात लाखाच्या वर असलेले पारशी 2011 च्या जनगणनेत 57,264 उरले. मागे राहणाऱ्या वृद्धांना सांभाळणारे हात कमी पडतात, ही तिथली रोजची चिंता आहे.

मूल नको म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही. माझ्या पुतणीनेही तेच ठरवलंय. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी गमावली, स्वतःही मूल होऊ दिलं नाही. पण त्यांचा आग्रह बाईच्या आरोग्यासाठी आणि तिच्या मर्जीसाठी होता. महाराष्ट्राचा जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 1.7 वर आला होता, तोही माणूसजात संपवा असं कोणी न सांगता.

'मला नको' हे मान्य. 'कोणालाच नको' म्हणणाऱ्यांनी आधी शेवटच्या शिफ्टची ड्युटी लावून दाखवावी.

– एक निवृत्त पालिका कर्मचारी, दहिसर, मुंबई