फुटलेल्या गोळ्याचे व्हिडिओ टाकता, न फुटलेल्याचे पण टाका

मा. संपादक,
नमस्कार.

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न पण झालं, तरी आमच्या भागात रात्री शिवारातनं शोभेच्या दारूचे गोळे वर जायचे थांबलेले नाहीत आणि सकाळी उठलं की त्याचे व्हिडिओ मोबाईलवर यायचे पण थांबत नाहीत. दुकानातनं आणलेल्या स्काय शॉटबद्दल मी बोलत नाही. पोरं स्वतः बनवून उडवतात ते, घरच्या घरी कागदाचं कवच करून, आत तारे, म्हणजे रंगीत जळणाऱ्या दारूच्या गोळ्या, भरून, पाइपातनं वर सोडतात ते. मग कोणाचा लाल रंग किती गडद आला, कोणाचं फूल किती गोल उघडलं, उंची किती गेली, सगळं एकमेकाला दाखवत बसतात. शेजारच्या गल्लीतल्या एका पोरानं मला त्याचा हिशोब दाखवला, उजेड दिसला त्या फ्रेमपासून आवाज आला त्या फ्रेमपर्यंत त्यानं फ्रेमा मोजल्या होत्या, दहा. मोबाईल सेकंदाला 30 फ्रेमा घेतो आणि आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे गोळा कॅमेऱ्यापासनं एकशेदहा-पंधरा मीटरवर फुटला. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, पुस्तकातला आवाजाचा वेग पोरगं असं शेतात उभं राहून वापरतंय बघून मला खरोखर बरं वाटलं, आणि म्हणूनच हे पत्र लिहितोय, त्यांना शिव्या घालायला नाही.

ही कला आपल्याला परकी नाही. एकनाथ महाराजांच्या रुक्मिणी स्वयंवरातल्या लग्नात सुद्धा शोभेच्या दारूचं वर्णन आहे. सीमेपलीकडं महाराष्ट्रात तासगाव तालुक्यातल्या कवठे एकंदला दसऱ्याच्या रात्री सिद्धराज महाराजांच्या पालखीपुढं गावच्या मंडळांनी केलेली आतषबाजी बघायला आपल्याकडचे लोक पण जातात, तिथले औट, झाडं, धबधबे असले दारूकामाचे प्रकार बघितलेला माणूस परत येऊन आठ दिवस तेच सांगत बसतो. पोरांना त्याची ओढ लागली तर त्यात नवल काय. गोळा आकाशात उघडतो तेव्हा त्याच्यामागं केवढी कारागिरी असते हे खाली बसून टाळ्या वाजवणाऱ्याला कळत नाही. बुडाची दारू गोळ्याला वर फेकते, त्याच जाळानं वात पेटते, ती वात गोळा सगळ्यात वर पोचला की बरोबर त्याच क्षणी आतली दारू पेटवते आणि तारे चारी बाजूला सारखे पसरतात. वात थोडी लवकर संपली तर गोळा चढतानाच फुटतो, उशीर झाला तर खाली येताना, माणसांच्या डोक्यावर. आणि काही वेळा वर जातच नाही, पाइपातच फुटतो.

माझं म्हणणं याच्यावरच आहे. व्हिडिओत फक्त वर जाऊन सुरेख फुटलेला गोळा असतो. पाइपात फुटलेला कोण टाकत नाही, खाली येऊन बांधावर फुटलेला कोण टाकत नाही, मुळात फुटलाच नाही आणि कुठं पडला ते सापडलाच नाही तो तर नाहीच नाही. मग दुसऱ्या गावचं पोरगं ते बघतं आणि त्याला वाटतं, ह्यांना जमतंय म्हणजे आपल्याला पण जमेल, दहापैकी दहा असेच जातात. शाळेत प्रयोगवहीत चुकलेलं रीडिंग खोडून सोयीचं रीडिंग लिहिणाऱ्या पोराला मी वही परत द्यायचो. इथं तर चुकलेल्या रीडिंगमध्ये बोटं आणि डोळे जातात हो.

गेल्या महिन्यात आमच्या रानाकडं सकाळी फिरायला गेलो होतो. भात कापून वळी घातलेल्या, शेजारी गवताची गंजी, आणि त्याच्या अलीकडं बांधाला एक गोळा पडलेला. मुठीएवढा, खाकी कागदाचे थर एकावर एक चिकटवलेले, एका बाजूनं कागद करपलेला, वात अर्धी जळून थांबलेली, आणि दवानं भिजून कागद सुटायला लागलेला. तिथनंच शाळेची पोरं जातात. कुणी ते चेंडू म्हणून उचललं असतं तर? मी लांबच थांबलो, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवलं आणि पोलिसांना फोन लावायला सांगितला. असलं काही दिसलं तर हात लावू नका, लाथ मारू नका, पाणी ओतायला पण जवळ जाऊ नका, लांब होऊन 112 ला फोन करा, एवढं तरी ज्यांनी उडवलं त्यांनी गावात सांगायला नको काय? आणि ही सुगी. वर्षाचं भात वळीत असतं, जनावरांची वर्षाची वैरण गंजीत असते, आपल्याच पेपरात दर सुगीला गंजी जळाल्याच्या बातम्या येतात. त्यात आकाशातनं निखारा पडला तर शेतकऱ्याचं काय राहतं. उसाच्या पाचटाचं तर विचारूच नका.

परदेशात असला छंद असणारे पुष्कळ आहेत. अमेरिकेत 1969 पासनं त्यांची संघटना आहे, वर्षातनं एकदा सगळे जमतात, एकमेकांचे गोळे बघतात, मार्क देतात. पण ते मोकळ्या ठरवलेल्या मैदानावर, आणि तिकडं मोठ्या प्रदर्शनाला अंतराचा हिशोब धरतात तो गोळ्याच्या व्यासावर, दर इंचाला 70 फूट लांब माणूस. म्हणजे तीन इंची गोळ्याला 210 फूट. आमच्या पोरांच्या व्हिडिओत हसण्याचा आवाज एवढा जवळनं येतो की माणसं पाइपाला चिकटून उभी असणार. आणि पाइप लोखंडी. गोळा आत अडकून फुटला की लोखंडी पाइपाचे तुकडे होऊन अंगात घुसतात, म्हणून जाणकार लोक शक्यतो लोखंड टाळतात. गोळा वर न गेलेल्या पाइपावर वाकून बघायचं तर नावच काढू नका.

त्यातनं मोठा धोका उडवताना नाही, बनवतानाच आहे. शिवकाशीत पिढ्यानपिढ्या हेच काम करणारे लोक, तिथं सुद्धा दारू मिसळताना, भरताना अपघात होतात, घासलं म्हणून, ठिणगी पडली म्हणून. मग आपल्या माडीवर, गोठ्याशेजारच्या खोलीत, जिथं आई चूल पेटवते आणि लहान भावंडं झोपतात तिथं हे चालावं काय? 2016 च्या एप्रिलात केरळात पुट्टिंगल देवळात पेटती ठिणगी साठ्यावर पडली आणि शंभराहून जास्त माणसं गेली. आपल्याच कर्नाटकात अत्तिबेलेला ऑक्टोबर 2023 मध्ये फटाक्यांच्या दुकानाला आग लागली, त्यात सुट्टीत चार पैसे कमवायला आलेली पोरं होती. त्यानंतर सरकारनं मिरवणुका, लग्नं, सभा यात फटाक्यांवर बंदी घातली. ज्या हिरव्या रंगाचं पोरांना एवढं कौतुक, तो बहुतेक बेरियमचा, आणि बेरियम घातलेल्या फटाक्यांवर सुप्रीम कोर्टानं 2018 मध्येच बंदी घातलीय. हे यातल्या किती पोरांना माहीत आहे? मी विचारलं त्यांना नव्हतं.

आणि माहीत होणार कसं. स्फोटकांचा 1884 चा कायदा, 2008 चे नियम, सगळं इंग्रजीत, सरकारी नोटीस आली तर कन्नडमध्ये. आपल्या भागातल्या मराठी माणसाला डीसी ऑफिसमध्ये, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीत, जाऊन एक साधा कागद मराठीत मिळवायचा म्हणजे किती चपला झिजतात ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पण नियमात रस्ता आहे. एका वेळी 15 किलोपर्यंत शोभेची दारू बनवायचं लायसन जिल्हाधिकारी देऊ शकतात, त्याच्यावरचं केंद्राच्या स्फोटक खात्याकडं, ज्याचं हेड ऑफिस नागपूरला आहे. लायसन म्हणजे नुसता शिक्का नाही. वस्तीपासनं लांब जागा, साठा किती, कुठं ठेवायचा, हे सगळं त्यात येतं. लायसन नसताना घरात बनवणं गुन्हा आहे, आणि मी त्या बाजूनं अजिबात नाही. ज्या पोरांना खरंच हे काम शिकायचंय त्यांनी लायसनवाल्या जुन्या कारागिराच्या हाताखाली जावं, तोपर्यंत हात लावू नये, असं मी त्यांना तोंडावर सांगितलंय, राग आला तरी सांगितलंय.

पोरांना आणखी एक सांगणं. आजपर्यंत जे झालंय ते तरी खरं सांगा. कुठला गोळा फसला, कुठं पडला, कोणाचा हात भाजला, ते लपवू नका. आमच्या ओळखीतल्या एकाचा तळहात भाजला, घरच्यांनी दवाखान्यात कुकर फुटला म्हणून सांगितलं, आणि त्याच आठवड्यात त्याच टोळीचा नवीन व्हिडिओ आला, रंग कसा आलाय बघा म्हणून. त्या पोराचा हात कोणीच दाखवला नाही.

गावच्या देवाधर्माचं बघणाऱ्या देवस्की पंच कमिट्यांना पण माझी विनंती आहे. लक्ष्मी यात्रेला आतषबाजी पाहिजेच असेल तर ती आपल्या गावच्या पोरांच्या अंगावर टाकू नका. परवानगी काढा, लायसनवाल्याला बोलवा, रात्री दहाच्या आत आटपा, भाताच्या वळी आणि हेस्कॉमच्या विजेच्या तारा सोडून लांबचं मोकळं माळ ठरवा, अग्निशामकाची गाडी उभी करून घ्या, आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर, जनावरं आणि पोरं बाहेर पडायच्या आत, त्याच कारागिराकडनं सगळं शिवार फिरून न फुटलेलं शोधून घ्या. त्याची मजुरी ठरवतानाच हे काम त्यात धरा. जिल्हा प्रशासनानं या नियमांचं एक पानभर मराठी पत्रक काढून सीमाभागातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावावं, पंचायतीच्या पीडीओ (विकास अधिकारी) साहेबांना ते काही अवघड नाही. आपण पण ते पत्रक मिळालं तर आपल्या पेपरात छापावं ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, बेळगाव तालुका