रोजंदारीच्या तक्त्यात तास कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूर जिल्ह्यातील यंत्रमाग, फाउंड्री, बांधकाम आणि ऊसतोडणी यांच्या मजुरीचा तुलनात्मक तक्ता आपल्या अंकात वाचला. मुद्दा एवढाच, की हे आकडे एकाच मापाचे नाहीत.

इचलकरंजीत मागावरची पाळी बारा तासांची. सहा दिवसांचे 72 तास झाले. आठवड्याला 48 तासांवरचे काम कायद्याने दुप्पट दराचे, म्हणजे जादा 24 तासांचे 48 धरून पगाराचे तास आठवड्याला 96, म्हणजे रोजचे 16. हिशेबापुरते बारा तासांचे 800 रुपये धरा. 16 ने भागले की तासाला 50 आणि आठ तासांना 400 निघतात. शिरोलीच्या फाउंड्रीतल्या आठ तासांच्या पगाराशेजारी हे 400 मांडायचे, 800 नव्हे.

शिवाय मागावर मजुरी पिकावर, म्हणजे कापडात टाकलेल्या आडव्या धाग्यांवर ठरते. 52 पिकाच्या (इंचाला 52 आडवे धागे) कापडात एका मीटरला 39.37 गुणिले 52, म्हणजे सुमारे 2,047 पिक पडतात. मिनिटाला 130 पिक टाकणारा साधा माग अजिबात न थांबता चालला, तर बारा तासांच्या पाळीला सुमारे 46 मीटर निघेल. पण सूत हलके असले, ताणा (उभे धागे) सारखा तुटला, ताण्याचे बीम संपले किंवा वीज गेली, की तोच माग 35 मीटरवर येतो आणि दोष कुणाचाही असो, मजुरी कामगाराची बुडते. त्यामुळे तो किती माग सांभाळतो आणि कोणत्या पिकाचे कापड काढतो, हे कळल्याशिवाय 'यंत्रमाग कामगार' या ओळीला अर्थ नाही. माग दुरुस्त करणारा जॉबर, कांड्या भरणारा कांडीवाला, ताण्याचे धागे ओवणारा वहिफणीवाला, कापडाच्या घड्या घालणारा घडीवाला यांचे हिशेब तर आणखी वेगळे. आणि व्यापाऱ्याचे सूत घेऊन स्वतःच्या मागांवर कापड विणून देणाऱ्या खर्चीवाल्याला व्यापाऱ्याकडून जी रक्कम मिळते तिलाही आपल्याकडे 'मजुरी'च म्हणतात! त्यात वीजबिल, कामगारांचा पगार, दुरुस्ती सगळे आले. ती पगाराच्या रकान्यात घालू नये.

ऊसतोडणीत घोळ वेगळाच. जानेवारी 2024 च्या करारानंतर तोडणीचा दर टनाला 366 रुपये झाला. पण कोयता म्हणजे दोन माणसे. जोडीने दिवसात दोन टन तोडला तर 732 रुपये, माणशी 366. त्यातून उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) वळती होते, आणि वाहन वेळेवर आले नाही तर तो वेळ बिनपगारी. हे काम हंगामापुरतेच, त्यामुळे रोजच्या आकड्यावरून वर्षाची कमाई काढता येत नाही. गवंड्याचेही तेच, पावसाळ्यातले खाडे कोण मोजतो?

फाउंड्रीचा आकडा कपातीपूर्वीचा की हातात पडणारा, तेही तक्त्यात नाही. मूळ पगार आणि महागाई भत्त्यावर 12 टक्के पीएफ कापला जातो. ज्याला पीएफ नाही त्याची रोजंदारी वरवर जास्त दिसणारच.

पुढच्या वेळी दरासोबत पाळीचे तास, वर्षातले कामाचे दिवस आणि कपात एवढे तीन रकाने वाढवावेत. कोयत्याच्या ओळीत 'माणशी' की 'जोडीला' हेही लिहावे.

आपला,
एक वाचक, इचलकरंजी