आई, बाबा, आधी सगळं वाचा मग फोन करा

आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. मी मजेत आहे, जेवण वेळेवर आहे, खोकला पूर्ण गेला. आई, तू रविवारी माझा रायफलसोबतचा फोटो बघितलास आणि काही न बोलता फोन वहिनीकडे दिलास, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. फोनवर तू मला पूर्ण बोलू देत नाहीस म्हणून लिहितेय.

हो, रायफल घेतलीय, आणि ती माझीच आहे, कुणाची हातात धरून फोटो काढलेला नाही. पॉइंट टू टू बोअरची, म्हणजे नळीचं भोक ०.२२ इंचाचं, रुगर टेन ट्वेंटीटू म्हणतात तिला, १९६४ पासून हेच मॉडेल निघतंय आणि इथे टेक्ससमध्ये कितीतरी जणांची पहिली रायफल हीच असते. बाबा, तुम्ही एनसीसी कॅम्पमध्ये चालवलीत तीही पॉइंट टू टूच ना? तुम्हाला प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, मागे ओढायला लागायचा. हिच्यात ते काम गोळीच्या धक्क्यावरच होतं, बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी उजवीकडे बाहेर पडते, स्प्रिंगने बोल्ट पुढे येताना मॅगझीनमधलं, म्हणजे गोळ्यांच्या डबीतलं, पुढचं काडतूस नळीत बसतं. पण चाप सोडून परत दाबल्याशिवाय दुसरी गोळी सुटत नाही, म्हणून सेमी-ऑटोमॅटिक. आई, दाबून धरली की धडाधड सुटते ती मशीनगन वेगळी, १९८६ नंतर बनलेली तसली इथल्या साध्या माणसाला विकत घेताच येत नाही. बातम्यांत ज्या बंदुका दाखवतात त्यातल्या बऱ्याच सेमी-ऑटोमॅटिकच असतात हे मी तुझ्यापासून लपवत नाही, त्यांची गोळी कितीतरी जोरदार असते, पण म्हणून माझी खेळणं आहे असंही मी म्हणत नाही. म्हणूनच एवढी काळजी घेते.

आणि "तिकडं भाजीसारख्या बंदुका मिळतात" असं आत्या म्हणाली ते माझ्या बाबतीत तरी खरं नाही. वर्क व्हिसावरच्या माणसाला इथे बंदूक घेताच येत नाही, फक्त शिकारीचं लायसन्स असेल तर सूट आहे. त्या लायसन्ससाठी आधी कोर्स करावा लागला, माझ्या वर्गात नऊ-दहा वर्षांची पोरं बसली होती आणि कुंपण ओलांडताना बंदूक कशी ठेवायची ते माझ्याआधी त्यांना येत होतं. (शिकार करणार नाही गं आई, फक्त कागदावर मारते.) मग दुकानात फॉर्म, ही स्वतःसाठीच घेताय का, गुन्हा दाखल आहे का, गांजा ओढता का, एकेक प्रश्न दोनदा वाचून भरला. दुकानदाराने एफबीआयकडे चौकशी पाठवली, उत्तर लगेच आलं नाही म्हणून रिकाम्या हाताने परत आले, आणि पाचव्या दिवशी फोन आला.

आता एक गोष्ट सांगते जिचं मला अजूनही नवल वाटतं. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, आपण एका लायनीत टेबलांशी बसून गोळ्या मारतो आणि समोर पंचवीस यार्डांवर आपापला कागद लावलेला असतो. तो बदलायचा तर समोर चालत जावं लागतं, म्हणजे थेट बंदुकांच्या तोंडासमोर. तर दर पंधरा-वीस मिनिटांनी एक माणूस ओरडतो, "सीजफायर". की सगळे जागच्या जागी थांबतात, मॅगझीन काढतात, बोल्ट मागे अडकवतात, नळीच्या मागच्या भोकात पिवळी प्लास्टिकची पट्टी खोचतात म्हणजे आत काही नाही हे लांबूनही दिसतं, रायफल टेबलावर ठेवतात आणि जमिनीवरच्या पिवळ्या रेषेच्या मागे जाऊन उभे राहतात. तो माणूस एकेक टेबल बघत जातो, मग म्हणतो "रेंज इज कोल्ड", आणि तेव्हाच लोक पुढे जातात. तोवर रेषेच्या मागून कुणी टेबलाकडे हातसुद्धा करत नाही, स्वतःचा चष्मा टेबलावर राहिला तरी नाही. माझी पाण्याची बाटली राहिली होती, मी सहज पाऊल टाकलं, तर शेजारच्या सत्तरीच्या बाईंनी माझा दंड धरला आणि नुसती मान हलवली. रागावल्या नाहीत. सगळे परत आले की "रेंज इज हॉट". इथे सिग्नल तोडणारे मी रोज बघते, पण तीच माणसं त्या रेषेला देवाच्या उंबऱ्यासारखं मानतात.

पहिल्या दहा गोळ्या सगळ्या खाली डावीकडे गेल्या, कारण आवाज होणार या भीतीने मी चाप ओढत नव्हते, झटकत होते. धक्का म्हणाल तर खांद्याला जेमतेम कळतो. मग श्वास अर्धा सोडून थांबायला शिकवलं, आणि बोटाच्या पेराने सावकाश मागे. मध्येच एक पुंगळी बोल्टमध्ये उभी अडकली, स्वस्तातल्या गोळ्या घेतल्या होत्या मी, नळी समोरच ठेवून, मॅगझीन काढून, बोल्ट ओढून ती पाडली. एकदा डावीकडच्या माणसाची गरम पुंगळी उडून थेट माझ्या कॉलरमध्ये पडली, मानेला चांगला चटका बसला, पण आई, नळी मी हलू दिली नाही, आधी बोट चापावरून काढलं, सेफ्टी लावली, रायफल खाली ठेवली आणि मग कॉलर झटकली. शेवटच्या दहापैकी सात काळ्या गोलात. त्या तासाभरात ऑफिसचं, व्हिसाचं, कशाचंच डोक्यात आलं नाही, असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

घरी ती लोखंडी पेटीत कुलपात असते, गोळ्या दुसऱ्या कपाटात, किल्ली माझ्याकडेच. परत आले की आधी हात साबणाने धुते, शिसं लागतं म्हणून. आणि आत्याला सांग, आपल्या राधानगरीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ आणलं तेव्हा तिनेच पेढे वाटले होते, त्याच्या रायफलीची गोळीही याच बोअरची.

बरं, पैशांचं. पेटी, कुलूप, गोळ्या धरून ४५० डॉलर गेले, म्हणजे आपले ४० हजारांच्या आसपास. धाकट्याच्या लग्नाच्या हॉलचे दोन लाख मंगळवारीच टाकलेत, दादाला बघायला सांग, आणि दागिन्यांचे पुढच्या महिन्यात नक्की. लग्नाच्या वर्षात मी स्वतःवर हा खर्च केला हे तुम्ही बोलला नाहीत तरी मला कळतं.

आणि दुसरं, जे मी तीन आठवडे बोलायचं टाळतेय. फेब्रुवारीत धाकट्याच्या लग्नाला मला येता येईल असं दिसत नाही. परत येताना व्हिसाचा शिक्का लागतो, त्याची तारीखच मिळत नाहीय, न मिळता आले तर तिकडेच अडकेन आणि नोकरी जाईल. रोज सकाळी उठून आधी तेच बघते. मिळाली तर त्याच दिवशी तिकीट काढीन. करवली म्हणून माझी साडी घेऊन ठेवली असशील तर आई, परत करू नको अजून. माझ्या स्वतःच्या स्थळाचं मात्र लग्न उरकल्यावर बघू, मी नाही म्हणत नाहीय.

धाकट्याला अजून काही बोलू नका, मी शनिवारी स्वतः फोन करते. बाबा, तुम्हीही लाईनवर या, त्या कॅम्पमध्ये पाच गोळ्या मिळाल्या होत्या एवढंच कायम सांगता, किती लागल्या ते कधी सांगितलं नाहीत.

तुमची,
चिमी