वस्तीची संस्था ओळखायची कशी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरांसाठीचे सरकारी अर्थसाहाय्य वस्तीतल्या लोकांनी उभ्या केलेल्या संस्थांमार्फत द्यावे, हे तत्त्व आता धोरण आखणारेही मान्य करू लागले आहेत. अडते ते पुढच्या पायरीवर. अर्ज मागवले की प्रत्येक अर्जदार आपली संस्था लोकांचीच असल्याचे सांगतो. खरी लोकांची कोणती, हे ठरवण्याची रीत मात्र फार कच्ची आहे. अशा छाननी समितीत मी काही वर्षे हिशेब तपासण्याचे काम केले. तिथे आमच्या हातून झालेल्या दोन चुका आजही मनाला लागून आहेत, म्हणून हे पत्र.

एका संस्थेची फाइल पाहताच समिती खूश झाली होती. नोंदणी, लेखापरीक्षण, रंगीत आराखडे, रहिवाशांच्या सह्यांची पानेच्या पाने, सगळे जागच्या जागी होते. आम्ही निधी मंजूर केला. नंतर पाहणीला गेलो तेव्हा सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण सभासद आहोत हेच माहीत नव्हते. घराचा अर्ज भरायचा म्हणून त्यांनी सही केली होती. संस्थेचे सगळे व्यवहार एका बांधकाम सल्लागाराच्या कार्यालयातून चालत होते.

त्याच फेरीत बायकांच्या एका बचत गटाला आम्ही बाद केले. तीन वर्षांची उलाढाल अटीपेक्षा कमी पडत होती, एवढेच कारण. त्यांची इतिवृत्ताची वही मी घरी नेऊन वाचली होती. वेगवेगळ्या हातांची अक्षरे, खाडाखोड, कुठे अंगठे. एका सभेत त्यांनी घरांचा नकाशा फेटाळला होता, कारण त्यात म्हाताऱ्या माणसांना वरच्या मजल्यावर टाकले होते. ‘ठराव नामंजूर, नकाशा परत आणावा’ अशी नोंद होती. आणखी एका सभेत हिशेब वेळेवर न दाखवल्याबद्दल खजिनदार बदलली होती. लोकांची संस्था म्हणतात ती हीच, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. मी समितीत तसे बोललो नाही, याची खंत आहे.

तेव्हापासून मी एकच प्रश्न धरून आहे: या संस्थेत रहिवाशांना ‘नाही’ म्हणता येते का, आणि आजवर त्यांनी तसे कधी म्हटले आहे का? ज्या इतिवृत्तात प्रत्येक ठराव एकमताने मंजूर झालेला दिसतो, ते मला संशयास्पद वाटते. माणसे राहतात तिथे मतभेद असतातच.

इतर देशांनी हा प्रश्न कायद्यात कसा हाताळला, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत 1990 च्या कायद्याने सुरू झालेल्या ‘होम’ कार्यक्रमात किमान 15 टक्के निधी समुदायाच्या गृहनिर्माण संस्थांसाठी राखून ठेवावा लागतो. अशा संस्थेच्या संचालक मंडळावर किमान एक तृतीयांश जागा कमी उत्पन्नाच्या रहिवाशांना किंवा त्यांच्या प्रतिनिधींना द्याव्या लागतात, आणि सरकारी माणसे एक तृतीयांशाहून जास्त चालत नाहीत. शिवाय जागा, आराखडा आणि व्यवस्थापन याबाबत लाभार्थ्यांचा सल्ला घेण्याची ठरलेली पद्धत संस्थेकडे असावी लागते. मला स्वतःला एक तृतीयांश अपुरे वाटते, कारण धनादेशावर सही दुसऱ्याची असेल तर तेवढ्या जागांवरची माणसे नुसती बसून राहू शकतात. पण सल्ल्याची पद्धत लिहून काढायला लावणे मोलाचे आहे. ती कागदावर असली की पाळली गेली का, हे कुणालाही विचारता येते.

इंग्लंडमध्ये 2008 च्या कायद्याने सामुदायिक भूविश्वस्त संस्थेची, म्हणजे स्थानिक लोकांच्या हितासाठी जमीन आणि घरे आपल्याकडे ठेवणाऱ्या संस्थेची, व्याख्या केली. त्या भागात राहणाऱ्या वा काम करणाऱ्यांना सभासद होता आले पाहिजे, नियंत्रण सभासदांच्या हाती हवे आणि नफा स्थानिक लोकांच्याच हितासाठी वापरला गेला पाहिजे. यातला सभासदत्व खुले असण्याचा मुद्दा आपल्याकडे कुणी तपासतच नाही. चार कुटुंबांनी दार लावून घेतलेली संस्थाही लोकांची म्हणून खपून जाते.

तांत्रिक मदत करणाऱ्यांनी संस्थाच ताब्यात घेण्यावर उरुग्वेमध्ये जुना उपाय आहे. तिथल्या 1968 च्या गृहनिर्माण कायद्याने सहकारी संस्थांना मान्यता दिली आणि त्यांना सल्ला देणाऱ्या तांत्रिक संस्था वेगळ्या ठेवल्या. सल्लागार हवाच, पण त्याने सल्लागारच राहावे. थायलंडमध्ये 2003 साली सुरू झालेल्या ‘बान मंकाँग’ कार्यक्रमात रहिवासी आधी बचत गट बांधतात, वस्तीची पाहणी स्वतः करतात आणि कर्ज एकेका माणसाला न मिळता त्यांच्या सहकारी संस्थेला मिळते. आपल्या जवळचे उदाहरण घ्यायचे तर मुंबईत पदपथावर राहणाऱ्या बायकांनी 1980 च्या दशकात ‘महिला मिलन’ उभे केले, तेही रोजच्या छोट्या बचतीवर. ज्या गटाने पाच-पाच, दहा-दहा रुपयांचा हिशेब वर्षानुवर्षे एकमेकींना दाखवला आहे, त्याला विश्वासाचा आणखी कोणता दाखला मागायचा?

उलाढालीची अट काढा, असे सरसकट म्हणणे मात्र चूक ठरेल. सरकारी पैसा आहे, त्याचा हिशेब लागलाच पाहिजे. नव्या गटाला हिशेबनीस ठेवायला, नोंदणी करायला, अभियंत्याची फी द्यायला आधी थोडी रक्कम द्यावी. अमेरिकेच्या त्याच कार्यक्रमात 5 टक्क्यांपर्यंत निधी अशा संस्थांच्या चालू खर्चासाठी वेगळा देता येतो. ही तरतूद नसली की गट नाइलाजाने एखाद्या ठेकेदाराच्या आसऱ्याला जातो, आणि मग आम्हीच विचारतो की संस्था कोणाची.

माझी विनंती साधी आहे. फायलींना गुण देण्याआधी समितीने वस्तीत जावे, तेही पदाधिकाऱ्यांना आगाऊ न कळवता. यादीतली कुठलीही दहा घरे निवडावीत आणि विचारावे: शेवटची सभा कधी झाली, बँकेच्या खात्यावर सह्या कुणाच्या, पदाधिकारी बदलायचा झाला तर काय करता? इतिवृत्ताच्या मूळ वह्या मागवाव्यात, टंकलिखित प्रती नकोत. निवड झालेल्या आणि बाद झालेल्या संस्थांची कारणे वस्तीतल्या फलकावर लावावीत, म्हणजे खोट्या सभासदत्वावर हरकत घ्यायला रहिवाशांना वाव मिळेल.

ज्या गटाला आम्ही बाद केले, त्यांना आम्ही ‘अटींची पूर्तता नाही’ एवढ्या तीन शब्दांचे पत्र पाठवले होते. काय कमी पडले, ते कसे भरून काढायचे, पुन्हा अर्ज कधी करायचा, याबद्दल त्यात अक्षर नव्हते. निदान असे नकाराचे पत्र तरी यापुढे नीट लिहिले जावे.

आपला नम्र,
एक निवृत्त हिशेब तपासनीस